काचेवरचा क्रमांक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात कसबी छायाचित्रकारांची वाण नव्हती. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या वर्तुळातील जाणकार मानले जात, तर हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्याच शहरात स्टुडिओ थाटून या कलेला पोटापाण्याच्या धंद्याचे रूप दिले होते. तरीही त्या पहिल्या पिढीचे काम अभ्यासकाच्या हाती लागते ते बहुधा सुट्या छापांच्या किंवा कोणा साहेबाच्या अल्बममधील चारदोन पानांच्या रूपाने. राजा दीनदयाळ यांचे तसे झाले नाही, आणि याचे श्रेय त्यांच्या नजरेइतकेच त्यांच्या दप्तराच्या शिस्तीलाही द्यावे लागते.

१८४४ साली मेरठजवळील सरधना येथे एका जैन कुटुंबात जन्मलेल्या दीनदयाळ यांचे शिक्षण रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले आणि १८६६ साली ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात अंदाजपत्रके व आराखडे तयार करण्याच्या कामावर रुजू झाले. कॅमेरा त्यांच्या हाती आला तो त्यानंतर काही वर्षांनी, १८७४च्या सुमारास. होळकरांच्या राजधानीत दुसरे तुकोजीराव आणि मध्य हिंदुस्थानचे ब्रिटिश एजंट सर हेन्री डेली यांचे प्रोत्साहन लाभल्यावर सरकारी नोकरी सांभाळून सुरू झालेला हा उद्योग हळूहळू नोकरीपेक्षा मोठा झाला. सर लेपेल ग्रिफिन यांनी १८८६ साली मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंवर जे पुस्तक काढले, त्यातील छायाचित्रे दीनदयाळ यांची आहेत. वास्तूच्या रेषा कलू न देता तिची उंची आणि खोली दोन्ही एकाच चौकटीत पकडण्याची जी हातोटी त्यांत दिसते, तिचे मूळ कलाशाळेत शोधण्यापेक्षा आराखड्यांच्या मेजावर शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे काय होते, हे येथे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. सुरुवातीच्या ओल्या प्लेटच्या पद्धतीत स्वच्छ पुसलेल्या काचेवर कोलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा पातळ थर ओतत, मग ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवत आणि थर सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धुऊन घेत. १८८०च्या दशकात तयार कोरड्या प्लेट रुळल्या आणि ही धावपळ संपली, पण काच मात्र राहिली. प्रत काढण्यासाठी हीच निगेटिव्ह, म्हणजे जिच्यात उजेड काळा आणि सावली पांढरी दिसते अशी काच, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर दाबून उन्हात ठेवीत. कागदावरचा छाप कालांतराने पिवळा पडे. काच फुटली नाही तर मात्र तिच्यावरून हव्या तेवढ्या प्रती पुन्हा काढता येत.

गिऱ्हाइकाने वर्षभराने आणखी प्रती मागितल्या तर नेमकी काच सापडावी, या निखळ व्यापारी गरजेतून स्टुडिओवाले निगेटिव्हवर क्रमांक घालीत. दीनदयाळ यांच्या प्लेटवर क्रमांकाच्या जोडीला पुष्कळदा स्थळाचे नाव आणि त्यांचे स्वतःचे नावही आढळते. काचेच्या लेपावर गडद शाईने अक्षरे उलटी लिहिली की त्या शाईतून प्रकाश पार जात नाही, आणि छापावर तीच अक्षरे सुलटी व पांढरी उमटतात. म्हणजे चित्राच्या खालच्या कोपऱ्यातील ती बारीक पांढरी ओळ लिहिणाऱ्याला आरशातल्यासारखे लिहिण्याचा सराव असावा लागे. छाप पुठ्ठ्यावरून सुटला, अल्बमची पाने विखुरली, तरी ही ओळ चित्रापासून वेगळी होत नाही. पुठ्ठ्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेल्या नावाला हे भाग्य क्वचितच लाभते.

पुढची वाटचाल सर्वश्रुत आहे. दीनदयाळ हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि १८८६ साली त्यांनी सिकंदराबादेत स्टुडिओ उघडला. निजामाच्या मुलखात तेव्हा मराठवाडाही मोडत असल्याने चारमिनारबरोबर वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्लाही त्यांच्या काचांवर आला. १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ सुरू झाला व त्याचा कारभार एका इंग्रज बाईंकडे सोपवण्यात आला. निजामाने १८९४ साली त्यांना ‘राजा मुसव्विर जंग बहादूर’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. १८९६ साली मुंबईतही शाखा निघाली.

या विस्तारामुळे एक गुंता मात्र निर्माण झाला, ज्याकडे त्यांचे गौरवलेख सहसा काणाडोळा करतात. हैदराबाद, सिकंदराबाद आणि मुंबई येथे एकाच काळी काम चालू असताना प्रत्येक काच एकाच माणसाने उघडली असणे शक्यच नव्हते. मुलगे, मदतनीस, रसायने कालवणारे आणि रिटचिंग करणारे, म्हणजे निगेटिव्हवरील डाग व सुरकुत्या पेन्सिलीने झाकणारे, असे कितीतरी हात त्यामागे राबत होते. कोपऱ्यातील नाव हे म्हणून सहीपेक्षा पेढीच्या शिक्क्याला अधिक जवळचे आहे. ५ जुलै १९०५ रोजी दीनदयाळ मुंबईत निवर्तले, आणि त्यांच्या पश्चात मुलगा ग्यानचंद याने धंदा पुढे चालवला, तो त्याच नावाने.

काच जड आणि ठिसूळ असते, शिवाय ती जागा अडवते. कुटुंबाकडे राहिलेल्या साठ्यापैकी २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवल्या. जगभरच्या संग्रहांत विखुरलेला एखादा पिवळा छाप पुढे आला, की अभ्यासक आधी त्याच्या कोपऱ्यातील पांढरा आकडा वाचतात, आणि मग त्या आकड्याची काच दिल्लीत आहे का, याचा शोध सुरू होतो.