सीमेवरचा आवाज आणि कायदा

तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर उभा आहे. उरलेला गोवा नदीपलीकडे, केरीच्या बाजूस. किल्ल्याच्या पाठीशी मात्र महाराष्ट्राची भूमी. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने त्यात शिरून तिरंगा फडकविला. तट आजही उभा आहे, आतील संत अंतोनीचे चर्चही आहे. दगड सांभाळणे त्या मानाने सोपे. त्या काळचा आवाज सांभाळणे कठीण.

आणि गोव्याच्या मुक्तिलढ्यात आवाजाचा वाटा लहान नव्हता. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त नभोवाणी केंद्र बोलू लागले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते चालवीत. पुढे ते कॅसलरॉकला हलले. कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतील त्याच्या वार्ता सरहद्दीवरील चौक्यांची परवानगी न घेताच घराघरांत पोचत. १९ डिसेंबर १९६१ रोजी या दोघांनी विमानातून, ध्वनिवर्धकावरून, मुक्तीची वार्ता गोव्याला ऐकविली.

अशा काळाचा ध्वनी जेथे फितीवर उरला असेल तेथेही तो निर्धास्त नसतो. चुंबकीय फितीवरील लेप कालांतराने चिकटतो, सुटू लागतो. ती वाजविणारी यंत्रे दुर्मीळ होतात. डिजिटल प्रत करणे हाच उपाय. पण प्रत करणे हा हक्क मुळात स्वामित्वहक्काच्या धन्याचा.

१९५७ च्या भारतीय कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयाला एक सवलत दिली होती: भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीन प्रती करण्याची. फितीला ती लागू नव्हती. २०१२ च्या दुरुस्तीने एक पाऊल पुढे टाकले. संग्रही मूळ, डिजिटल नसलेली प्रत असेल, तर बिनव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी ती डिजिटल रूपात साठविता येते. ही तरतूद चांगली, पण तोकडी. तिच्यात शब्द आहे ‘ग्रंथालय’. ध्वनिसंग्रहालय किंवा चित्रपटसंग्रहालय ग्रंथालयात मोडते काय, हे वकिलांना विचारावे लागते. शिवाय साठविलेले श्रोत्याला ऐकवावे की नाही, याबद्दल कलम अवाक्षर काढीत नाही. अभ्यासासाठी अप्रकाशित कृतीची प्रत देण्याची सवलत निराळ्या कलमात आहे; ती वाङ्मय, नाट्य आणि संगीत यांपुरती. ध्वनिमुद्रणाचा तेथे उल्लेखच नाही!

मुदतीचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे. बा. भ. बोरकरांच्या कवितेची एखादी ध्वनिमुद्रिका १९६१ साली निघाली असे धरले, तर तिचा हक्क २०२१ अखेर संपला. पण कवी १९८४ साली निवर्तले. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध न झालेल्या कवितांचा हक्क २०४४ अखेरपर्यंत चालेल. एकाच मुद्रिकेत दोन घड्याळे. आणि मुद्रण मुळात कधी प्रसिद्धच झाले नसेल, तर त्याचे घड्याळ सुरूही होत नाही. कपाटात अज्ञातवासात असलेली फीत अशी कायद्याच्या दृष्टीने चिरतरुण राहते. फितीवरील लेप मात्र तारुण्य पाळीत नाही.

विलंबाची किंमत पुण्याने मोजली आहे. ८ जानेवारी २००३ रोजी तेथे लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट चित्रफितींचा मोठा साठा भस्म झाला.

युरोपीय संघाने २०१९ साली आपल्या निर्देशात ग्रंथालय, संग्रहालय, दफ्तरखाना यांच्या जोडीस चित्रपट आणि ध्वनी यांचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थांचे नाव स्पष्ट घातले. संग्रहातील कोणत्याही कृतीची जतनासाठी प्रत त्यांना करता येते. पोर्तुगालने तो निर्देश २०२३ साली आपल्या कायद्यात आणला. म्हणजे लिस्बनच्या संस्थेला जे कायद्याचा शब्द वाचून करता येते, ते पणजीच्या संस्थेला ‘ग्रंथालय’ या शब्दाच्या आडोशाने करावे लागते. एका शब्दाची भर पडली तर आडोसा लागणार नाही. ती घालणे संसदेच्या हाती आहे.