तोरणाला दार नसते



विहारापुढे बाग असावी आणि बागेच्या तोंडाशी सांचीसारखे तोरण असावे, असे आज आपल्या वस्त्यावस्त्यांत वाटते. ही नुसती हौस नाही. तिच्यामागे अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्या पोराबाळांना ठाऊक पाहिजे, म्हणून हे चार शब्द.

पाली भाषेत 'आराम' म्हणजे बाग. बिंबिसार राजाने भिक्खूसंघाला दान दिले ते राजगृहाचे वेळुवन, म्हणजे बागच. श्रावस्तीचे जेतवन अनाथपिंडिकाने जमिनीवर नाणी अंथरून विकत घेतले, ही गोष्ट आपण ऐकलेली आहे. पण विनयपिटकातल्या चुल्लवग्गात तिचा पुढचा भाग आहे. नाणी संपली तेव्हा प्रवेशाजवळचा थोडा तुकडा उघडा राहिला. तेवढा जेत राजकुमाराने स्वतः दिला आणि तिथे प्रवेशद्वार बांधले. बाग एकाची, प्रवेशद्वार दुसऱ्याचे. दान असे वाटून झाले.

सांचीच्या मोठ्या स्तूपाला चार दिशांना चार तोरणे आहेत. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. दोन खांब, वर तीन आडव्या तुळया, आणि सगळीकडे कोरीव काम. त्यात बुद्धाची मूर्ती नाही. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पावले एवढ्यावरून ओळखायचे. दक्षिणेच्या तोरणावर लेख आहे, की सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे हे दान. आपल्या गिरणीच्या भाषेत म्हणायचे तर हा जॉबर! त्याच तोरणाच्या एका खांबावर लिहिले आहे, की हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले. राजाचे नाव आले ते कामगाराची ओळख सांगण्यापुरते. साच्यावर हयात घालवणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून ऊर भरून येतो.

लांब कशाला जायचे? आपल्या नाशिकचा त्रिरश्मी डोंगर बघा, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथे काही संबंध नाही, ती बुद्धलेणी आहेत. 3 नंबरच्या लेण्याच्या दाराभोवती सांचीच्या तोरणाच्या धर्तीवर कोरीव काम आहे. ते लेणे गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचे दान. आणि 18 नंबरच्या चैत्यगृहाच्या दारावरचा लेख सांगतो, की हे धंभिक गावाचे दान. राजमातेचे लेणे आणि अख्ख्या गावाने वर्गणीतून घडवलेले दार एकाच डोंगरात आहे.

त्याच नाशिकात 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराची दारे आपल्या माणसांवर बंद होती. त्या दारांपुढे बायाबापड्या बसल्या, मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. सत्याग्रहाची धुरा वाहणारे कर्मवीर दादासाहेब गायकवाड आपल्याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. हा लढा वर्षानुवर्षे चालला, तरी दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या उघड्या मैदानावर लाखोंना दीक्षा दिली. तिथे कुणाला कोण अडवणार?

त्या दीक्षाभूमीवरचा स्तूप 18 डिसेंबर 2001 ला खुला झाला. दादरच्या चैत्यभूमीचे उद्घाटन 5 डिसेंबर 1971 ला मीराताई आंबेडकरांच्या हस्ते झाले होते. दोन्ही ठिकाणी सांचीच्या घडणीची कमान आपण मुद्दाम घेतली. सांचीच्या तोरणाला फळी नाही, कडी नाही, कुलूप नाही. ज्यांच्या तोंडावर दारे लावली गेली, त्यांनी बिनदाराची खूण निवडली. माझ्या मते यात फार मोठा अर्थ आहे.

म्हणून एक कळकळीची विनंती. आपल्याकडे तोरण उभारायचे झाले तर ते एका पुढाऱ्याच्या पैशाने आणि त्याच्या ठसठशीत नावाने नको. घरटी वर्गणी काढा, मग ती दहा रुपये का असेना. घडवणाऱ्या पाथरवटाचे आणि गवंड्याचे नाव दगडात कोरा. आणि बागेत येणाऱ्या पोराला तू कुठल्या आळीचा, कुठल्या जातीचा, असे कोणी विचारू नये. तसे विचारले तर तोरण उभे राहूनही दार बंदच राहिले, असे होईल.

नमो बुद्धाय! जयभीम!