दिवेआगरचें सोनें आणि तांबें

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यांत, समुद्रकांठीं, नारळी-पोफळींच्या आगरांत दिवेआगर वसलेलें आहे. सुमारें चार किलोमीटर लांबीची पुळण, तिच्या कडेला सुरूचें बन, आणि त्यामागें दगडी गडग्यांनीं वेढलेल्या वाड्या, इतकें पाहून व शहाळीं पिऊन बहुतेक प्रवासी माघारी फिरतात. हें पाहूं नये असें नव्हे. परंतु ज्या गांवाचा लेखी इतिहास साडेनऊशें वर्षांहून जुना आहे, त्याचा इतक्यांत निरोप घेणें सुशिक्षित मनुष्यास शोभत नाहीं.

येथील मराठी ताम्रपटाचा काळ शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मानतात. तेव्हां उत्तर कोंकणावर शिलाहार राजांचा अंमल होता. अंबरनाथच्या प्रख्यात शिवमंदिराचा शिलालेखही त्याच शकाचा, पण तो संस्कृतांत. ज्ञानेश्वरीचा काळ शके १२१२. तिच्याही दोनशें तीस वर्षें अगोदर या गांवचा व्यवहार लोकांच्या भाषेंत तांब्यावर कोरला गेला, ही गोष्ट लहान नव्हे. अलिबागजवळील आक्षीचा शिलालेख याहूनही जुना, शके ९३४ चा, असें पुष्कळ विद्वान् सांगतात. कांहीं पंडित त्याचा काळ बराच पुढें आणतात. तो वाद त्यांच्यावर सोंपवूं. दोन्ही स्थळें रायगडच्याच किनाऱ्यावर आहेत, हें आपल्यास पुरें.

सोन्याची कथा निराळी. १७ नोव्हेंबर १९९७ रोजीं येथील एका वाडींत खणतांना तांब्याची पेटी लागली, व तींत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. वजन सव्वा किलोहून अधिक. त्या दिवसापासून गांवाचें नांव सर्वत्र झालें, यात्रेकरूंची रीघ लागली, घरोघरीं पाहुण्यांची सोय होऊं लागली. पुढें २४ मार्च २०१२ च्या पहांटे दरोडेखोरांनीं देवळांतील दोघां रखवालदारांचे प्राण घेऊन मुखवटा पळविला आणि वितळविला. चोर पकडले गेले, त्यांस शिक्षा झाल्या. हस्तगत झालेल्या सोन्यांतून नवा मुखवटा घडवून नोव्हेंबर २०२१ मध्यें त्याची स्थापना झाली. धातु परत आला. जुन्या कारागिराचा हात मात्र परत आला नाहीं, आणि त्या दोन घरांतील माणसेंही नाहींत. सोनें वितळविण्याचा मोह माणसास होतो; तांब्याच्या लेखाकडे चोर ढुंकूनही पाहत नाहीं, म्हणूनच कदाचित् तो टिकला.

रूपनारायणाचें देऊळ चुकवूं नये. विष्णूची ती शिलाहारकालीन पाषाणमूर्ति, तिच्या भोंवतीं कोरलेले दशावतार, हें काम सावकाश पाहण्याजोगें आहे. वाड्यांतून जातांना हेंही ध्यानांत असावें कीं, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें या भागांतील नारळी-पोफळी आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हातीं येण्यास पांच-सात वर्षें जातात.

दक्षिणेस श्रीवर्धन हें पहिल्या भट पेशव्यांचें, बाळाजी विश्वनाथांचें गांव. त्यांस १७१३ सालीं पेशवाई मिळाली. तेथील रोठा सुपारी प्रसिद्धच आहे. पुढें सावित्रीच्या मुखाशीं हरिहरेश्वर. देवळामागें लाटांनीं कोरलेला खडक आहे. भरतीच्या वेळीं तेथें उतरूं नये, ही सूचना मी आवर्जून करतों.

उत्तरेस दिघीहून फेरीबोटीनें आगरदांड्यास जातां येतें. जवळच राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशीं सिद्दींचा जंजिरा. संभाजीराजांनीं १६८२ मध्यें तो घेण्याची शर्थ केली, पण किल्ला अजिंक्य राहिला. दिवेआगर, श्रीवर्धन हीं गांवें १९४८ पर्यंत याच जंजिरा संस्थानांत होतीं.

मुरूडवरून आणखी वर गेलें कीं कोरलई लागतें. आपल्या धर्मबांधवांस हें स्थळ विशेष जवळचें वाटावें. डोंगरावरील किल्ला पोर्तुगीजांनीं १५९४ मध्यें निजामशाहीकडून जिंकला. १७४० मध्यें तो व समोरचें चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आलें. पोर्तुगीज गेले, तोफा मुक्या झाल्या, रेवदंड्याचीं ख्रिस्तमंदिरें ओसाड पडलीं. पण पायथ्याच्या गांवांतील गरीब ख्रिस्ती कुटुंबें आपली श्रद्धा व आपली बोली घेऊन तेथेंच राहिलीं. पोर्तुगीज शब्द आणि मराठी वळण यांच्या मिलाफांतून झालेली ही बोली हजाराच्या आसपास माणसें बोलतात. मुलें मराठी शाळेंत शिकतात, हें योग्यच आहे. पण घरची बोली त्यांच्या तोंडीं किती दिवस राहील?

दिवेआगरची मराठी तांब्यावर उतरली. कोरलईची बोली जुन्या काळीं कोणी कशावरही कोरून ठेविली नाहीं. भाषापंडितांनीं तिची नोंद घेतली, तीही अलीकडे. तेव्हां कोरलईस जाणाऱ्यांनीं किल्ला चढण्यापूर्वीं गांवांत घटकाभर थांबावें, आणि ओट्यावर बसलेलीं वृद्ध माणसें आपसांत काय बोलतात तें ऐकावें.