खाऱ्या वाऱ्याने विटलेले प्लास्टिक आणि घरगुती रंगकाम

रेवदंडा : कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेल्या या गावात मोटारीचा पत्रा गंजण्याची चर्चा नेहमी होते, प्लास्टिकच्या भागांकडे मात्र ते पांढरट पडल्यावरच लक्ष जाते. बंपरची काळी कडा, दारांवरील पट्ट्या, चाकांवरील कमानी आणि वायपरखालची जाळी हे भाग बहुधा रंगवलेले नसतात. त्यांचा काळेपणा प्लास्टिकमध्येच मिसळलेल्या काजळीचा असतो. उन्हातील अतिनील किरणांनी वरचा थर ठिसूळ होऊन भुरकट दिसू लागतो. दोष उन्हाचा, खारा वारा त्यावर क्षारांचे पुट चढवतो एवढेच.

अशा भागांवर खोबरेल चोळण्याचा उपाय स्वस्त खरा, पण चकाकी फार टिकत नाही, धूळ चिकटते आणि पुढे रंग द्यायचा झाल्यास तेच तेल आड येते. सिलिकॉनयुक्त पॉलिशचेही तसेच. त्याचा अंश राहिला तर ताजा रंग गोल गोल फाकतो व खालचे प्लास्टिक उघडे पडते.

रंग न धरण्याचे मूळ कारण मात्र प्लास्टिकच्या जातीत आहे. यातील बरेच भाग पॉलिप्रोपिलीनचे असतात आणि त्यावर रंगाची पकड बसत नाही. सुट्या भागाच्या मागील बाजूस ‘पीपी’ किंवा ‘एबीएस’ अशी रोमन अक्षरे कोरलेली आढळतात. ‘पीपी’ असल्यास रंगाआधी प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर अनिवार्य. पत्र्याचा प्रायमर येथे चालत नाही. काही महिन्यांत पापुद्रे सुटतात आणि सोललेला बंपर विटलेल्या बंपरपेक्षा वाईट दिसतो. एबीएसला थिनर लावू नये, त्याने पृष्ठभाग विरघळतो.

प्रथम गोड्या पाण्याने व साबणाने भाग दोनदा धुवावा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, मग ४०० ते ६०० क्रमांकाच्या वॉटर पेपरने चमक जाईपर्यंत घासून पुन्हा पुसावा. घासण्याआधी तेलकटपणा काढायचा तो यासाठी, की अन्यथा तो ओरखड्यांत जाऊन बसतो. शेजारचा पत्रा, काच व दिवे कागद आणि मास्किंग टेपने झाकावेत. पार्किंग सेन्सरवर रंगाचा जाड थर बसल्यास त्याच्या कामात बिघाड संभवतो, तोही झाकावा.

प्रायमरचा एक पातळ हात, त्यानंतर निमचकाकीच्या काळ्या रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. डबा वीस-पंचवीस सेंटिमीटर दूर धरावा आणि दोन हातांत दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत; डब्यावर वेगळी वेळ छापली असेल तर तीच पाळावी. एकाच जाड हातात काम उरकण्याचा मोह बहुतेकांना होतो व रंगाचे ओघळ तेथेच येतात.

वेळेची निवड किनाऱ्यावर विशेष महत्त्वाची. पावसाळ्यातील दमट हवेत रंगावर दुधी छटा येते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. त्यातही दव सुकल्यावर सकाळी नऊ ते अकरा. तोवर वारा मंद असतो. दुपारी समुद्रावरून सुटणारा वारा पुळणीवरची बारीक काळी वाळू व क्षार ओल्या रंगावर आणून टाकतो. वाडीतल्या माडाखाली गाडी लावू नये, हे येथे कोणास सांगावे लागत नाही.

मोकळी हवा, योग्य मास्क व हातमोजे असावेत आणि जवळपास विस्तव नसावा. हार्डनर मिसळून वापरायचे दोन घटकांचे रंग बहुधा आयसोसायनेटयुक्त असतात व त्यांचा फवारा श्वसनास घातक ठरतो; ते काम गॅरेजवरच सोपवावे. रंगवलेला भाग चोवीस तास कोरडा ठेवून पहिली धुलाई आठवड्यानंतर करावी.