पायलट व्हायला निघालाय? मग पहिला हेडसेट लाखाचाच हवा का?

बारामती, गोंदिया किंवा धुळ्याच्या धावपट्टीवरचे शिकाऊ पायलटांचे रील्स पाहिले असतील. पांढरा शर्ट, काळा गॉगल आणि गळ्यात अडकवलेला हेडसेट. खाली कमेंटमध्ये हमखास एक प्रश्न असतो, "भावा, हेडसेट कोणता?"

प्रश्न साधा वाटतो, पण कमर्शियल पायलट लायसन्ससाठी घरच्यांनी कर्ज काढून ४०-५० लाखांची जुळवाजुळव केलेली असते. त्यात हेडसेट घ्यायला गेलं की एक ३५ हजारांचा दिसतो आणि दुसरा लाखाच्या वरचा. सीनियर म्हणतात, "घ्यायचाच तर बेस्ट घे." पण बेस्ट म्हणजे नक्की काय?

आधी हेडसेट लागतोच कशाला, ते बघू. सेस्ना १७२ सारख्या छोट्या विमानात इंजिन पायलटच्या पायांपुढेच असतं. आत आवाज ९० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून जास्त. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला फक्त १ तास. भारतात कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास उड्डाण लागतं. म्हणजे हा आवाज कानावर किती पडणार, याचा अंदाज येईल.

सतत मोठा आवाज ऐकून कान बिघडतात तेव्हा आधी ४००० हर्ट्झच्या आसपासची ऐकू येण्याची क्षमता जाते. 'स', 'फ', 'ट' सारखी व्यंजनं ओळखायला या वरच्या पट्टीचीच मदत होते. म्हणजे आवाज येतो, पण शब्द कळत नाही. रेडिओवर कंट्रोलर 'फिफ्टीन' म्हणाला की 'फिफ्टी', हे ज्याला नीट कळलं पाहिजे त्या माणसाचं हे नुकसान आहे. शिवाय क्लास १ मेडिकलमध्ये कान तपासले जातात. आंतरराष्ट्रीय मापदंडानुसार ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा जास्त आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त तूट चालत नाही. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, त्यामुळे हा खर्च हौसेचा नाही.

आता दोन प्रकार. पहिला पॅसिव्ह. जाड इअरकप, आत फोम, डोक्यावर घट्ट पकड. कानावर हात ठेवल्यावर जे होतं तेच, फक्त चांगल्या प्रकारे. डेव्हिड क्लार्कचा हिरवा एच१०-१३.४ हा यातला जुना खेळाडू. जगभरातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये तो दिसतो. प्रयोगशाळेतल्या मोजणीत तो २३ डेसिबल आवाज कमी करतो. वजन साधारण अर्धा किलो. बॅटरी नाही, सर्किट नाही, बिघडण्यासारखं फार काही नाही.

दुसरा प्रकार एएनआर, म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज रिडक्शन. यात इअरकपच्या आत छोटा माइक असतो. तो आतला गोंगाट ऐकतो आणि स्पीकरमधून त्याच्या बरोबर उलट लहर सोडतो. दोन्ही एकमेकींना खोडतात.

या दोघांतला फरक समजायला एक गणित करा. सेस्नाचा पंखा मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४०. पाती दोन, म्हणून सेकंदाला ८० फटके. इंजिनाचे चार सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकेकदा पेटतात, तिथेही सेकंदाला ८० स्फोट. म्हणजे विमानातला मुख्य घरघराट ८० हर्ट्झच्या आसपास असतो, फार खालच्या पट्टीत. फोम आणि प्लॅस्टिक वरच्या पट्टीचा आवाज छान अडवतात, पण हा खालचा घरघराट त्यांच्यातून आरपार येतो. एएनआर नेमका तिथेच कामाला येतो. दीड तास उडून उतरल्यावर डोकं जड होतं की नाही, यात याचा मोठा वाटा आहे.

या तंत्रामागे एक भारतीय वंशाचं नाव आहे. एमआयटीचे प्राध्यापक अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून विमानानं परतत होते. विमानातल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या आवाजापुढे गाणं नीट ऐकू येईना, म्हणून त्यांनी प्रवासातच आकडेमोड सुरू केली. १९८६ मध्ये कुठेही न थांबता, वाटेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या व्हॉयेजर विमानात त्यांच्या कंपनीचे प्रायोगिक हेडसेट होते. बाजारात ते १९८९ मध्ये आले. आज त्याच कंपनीचा ए३० अमेरिकेत १२०० डॉलरच्या वर जातो. लाइटस्पीडचा डेल्टा झुलू हा त्याचा तगडा स्पर्धक. त्यात कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सरही आहे, आणि पिस्टन इंजिनच्या विमानात हा खरोखर कामाचा.

मग शिकाऊ पायलटनं काय घ्यावं? पहिले १०-१५ तास स्कूलचा किंवा मित्राचा हेडसेट वापरावा आणि मग ठरवावं. पैसे बेताचे असतील तर चांगला पॅसिव्ह घेण्यात काहीच कमीपणा नाही. त्याखाली कानात साधे फोमचे इअरप्लग घालून रेडिओचा आवाज वाढवला की आणखी फरक पडतो, तोही अगदी थोड्या पैशांत. थोडी ऐपत असेल तर मधल्या किमतीचा एएनआर. सगळ्यात महागडा पहिल्याच दिवशी घ्यायचं कारण मात्र दिसत नाही.

किमतीपेक्षा डोक्याला बसतो का, हे मोठं. दुकानात दोन मिनिटं घालून कळत नाही, निदान अर्धा तास घाला. चष्मा असेल तर चष्म्यासकट. जाड काड्यांमुळे गादी आणि कातडी यांच्यात फट राहते आणि तिथून आवाज आत शिरतो. बारीक काड्यांची फ्रेम हा त्यावरचा स्वस्त उपाय.

रील्समुळे होणारी एक गल्लत म्हणजे एअरलाइनचे कॅप्टन वापरतात तो हलका, छोटा हेडसेट. बोसचा प्रोफ्लाइट त्यातलाच. तो जेटच्या तुलनेनं शांत कॉकपिटसाठी बनवलाय, सेस्नासाठी नाही. प्लगही बघून घ्या. छोट्या विमानांत दोन पिनांचा जोड लागतो, एक ऐकण्याची आणि दुसरी थोडी बारीक, माइकची. हेलिकॉप्टरला एकच पिन, एअरबसला पाच टोकांचा एक्सएलआर. चुकीचा घेतला तर अडॅप्टर शोधत फिरावं लागतं.

एएनआर घेतलाच तर त्याच्यासोबत एक काम येतं. काही इशाऱ्यांचे आवाज इंटरकॉममधून येत नाहीत. सेस्ना १७२ चा स्टॉल हॉर्न हवेच्या ओढीनं वाजणारी पिपाणीच आहे. नवा हेडसेट घालून ती ऐकू येते का, हे इन्स्ट्रक्टरसोबत एकदा तपासून घ्यावं. बॅटरी मध्येच संपली तर एएनआर बंद पडतो, पण रेडिओ चालू राहतो आणि हेडसेट पॅसिव्हसारखा काम करतो. तरी जादा सेल बॅगेत असू द्या.

सेकंडहँड घेणंही वाईट नाही. गाद्या आणि माइकचा फोम बदलता येतो, तेवढा खर्च धरून भाव करा. केबल प्लगपाशी वाकवून खरखर येते का ते ऐका. माइक ओठांपासून जेमतेम अर्धा सेंटीमीटर ठेवून बोलून बघा. लांब ठेवला तर लाखाच्या हेडसेटमधूनही कंट्रोलरला घरघरच ऐकू जाते. आणि एकाच कानात आवाज येत असेल तर लगेच माल खराब ठरवू नका. बऱ्याच हेडसेटवर मोनो-स्टिरिओचं छोटं बटण असतं. मोनो इंटरकॉमच्या विमानात ते स्टिरिओवर राहिलं की उजवा कान गप्प बसतो.