नायकीण आणि संचालिका

ज्या बाईच्या हाताखाली चार बायका काम करतात, तिने त्यांच्याशी कसे वागावे हा प्रश्न दिसायला घरगुती वाटतो. पण आपल्या मुंबईत त्याला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. स्मरणिकेसाठी काही लिहावे असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा हाच इतिहास भगिनींपुढे ठेवावा असे मनाने घेतले. कारण आपल्या मंडळातही दिवाळीच्या फराळाचे काम आहे, शिवणाचे काम आहे आणि तेथे कोणी ना कोणी प्रमुख ही असतेच.

प्रथम गिरणीकडे वळू. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ साली चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तशा कोकणातून व घाटावरून आलेल्या बायकाही तेथे कामाला लागल्या. १९२० च्या सुमारास गिरणी कामगारांत सुमारे एकपंचमांश बायका होत्या. त्यांतल्या पुष्कळशा सूत गुंडाळण्याच्या खात्यांत असत. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला ‘नायकीण’ म्हणत. पुरुषांच्या खात्यात जसा जॉबर, तशी बायकांच्या खात्यात नायकीण.

नायकिणीचा अधिकार साधा नव्हता. कोणाला कामावर घ्यायचे, कोणाला घरी बसवायचे, हे बव्हंशी तिच्याच हातात असे. काम मिळावे म्हणून तिला पैसे द्यावे लागत. मिळालेले काम टिकावे म्हणूनही द्यावे लागत. याला ‘दस्तुरी’ असे भारदस्त नाव होते. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात जॉबरांच्या आणि नायकिणींच्या या व्यवहाराची नोंद केली, व त्यांच्या हातचा हा अधिकार काढून घ्यावा अशी शिफारस केली.

माझी आजी लालबागच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तिच्या तोंडून नायकिणीविषयी मी जे ऐकले, ते अहवालापेक्षा थोडे निराळे आहे. आजी तिला नुसती दुष्ट म्हणत नसे. तान्ह्या मुलाला पाजायला जायचे असले की नायकीण डोळ्याआड करी. घरी कोणी आजारी पडले तर दोन रुपये उसने देई. “बाई मायेची होती,” असे आजी म्हणे, आणि लगेच पुढे सांगे, “पण तिची माया वहीत मांडलेली असे.” दिवाळीला खण, पगाराला काही आणे, गावाहून आल्यावर तांदूळ किंवा कोकम. ज्या महिन्यात हे जमले नाही, त्या महिन्यात मूल रडले तरी नायकिणीला ऐकू येत नसे.

मला वाटते, आजीच्या या एका वाक्यात सारे आले. नायकिणीजवळ दया नव्हती असे नव्हे. पण ती दया तिच्या मर्जीवर होती, आणि मर्जीवरची दया म्हणजे हातातला लगामच. जिच्यावर उपकार होतात ती बाई वाकूनच राहते. त्यातून नायकीणही आपल्यासारखीच गरीब. साहेबाच्या बोलण्याखाली तीही दबलेली. वरून जे आले तेच तिने खाली दिले.

मर्जीची गोष्ट हक्काची व्हावी, हा प्रयत्न कायद्याने केला. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने बायकांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला कायदा. त्याच्या विधेयकावर १९२८ साली कायदेमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला होता. बाळंतिणीला विश्रांती देणे ही कोणाची मेहेरबानी न राहता मालकाची जबाबदारी ठरली. तथापि कायदा बाहेरून येतो. पुढे खात्यात नवी यंत्रे आली, बायकांचा खर्च मालकांना जड वाटू लागला आणि गिरण्यांतली बायकांची संख्या घटत गेली. काम उरले नाही, तेथे हक्क तरी कोठे मागणार?

आता त्याच शहरातली दुसरी हकिगत पाहा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. हीच पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट घेतली, खाटेवर पापड पसरले आणि खाली शेगडी ठेवली. १९६१ साली आपल्या उपनगरात, मालाडला, शाखा काढण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली, आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. आज सुमारे पंचेचाळीस हजार भगिनी तिच्या सभासद आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

हा भाग पुष्कळ भगिनींना ठाऊक असेल. मला सांगायचे आहे ते तेथील कामाच्या रीतीविषयी. तेथे मालक नाही. प्रत्येक सभासद भगिनी भागीदार आहे. नफा झाला तर साऱ्यांचा, तोटा झाला तर तोही साऱ्यांचा. शाखेची प्रमुख असते तिला ‘संचालिका’ म्हणतात, आणि ती लाटणाऱ्यांतूनच वर आलेली असते. सकाळी शाखेतून मळलेले पीठ घरी न्यायचे, मुलेबाळे सांभाळून पापड लाटायचे, आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे. तेथे ते तपासून, तोलून घेतात आणि लाटण्याची मजुरी चुकती करतात. जिच्या घरी पापड वाळवायला जागा नाही, तिला पीठ मळण्याचे किंवा पाकिटे भरण्याचे काम असते.

आता आजीची नायकीण आठवा. मूल पाजायला मोकळीक हवी म्हणून खण द्यावा लागे. येथे कामच घरी नेलेले, तेव्हा मोकळीक मागायची कोणाकडे? संचालिका मायाळू असो वा तुसडी, तोललेल्या पापडांची मजुरी ठरलेली आहे. दया येथे व्यवस्थेतच मुरवली आहे, पिठात मीठ मुरावे तशी. ती दिसत नाही, तिचे आभार मानावे लागत नाहीत.

आणि भगिनींनो, दया म्हणजे ढिलाई असे मात्र कोणी समजू नये. लिज्जतमध्ये पापड जाड-पातळ झाला तर तो चालत नाही, मग लाटणारी कितीही गरजू असो. सुरुवातीला स्वस्त आणि हलका असा दुसरा पापडही काढावा असा विचार होता. छगनबापांनी तो मोडून काढला आणि एकच उत्तम पापड करा, हिशेब चोख ठेवा, असे बजावले. तोटा आला तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, हेही सुरुवातीलाच ठरले. नीट विचार केला तर ही कडक शिस्त दयेच्या आड येत नाही. एकीचा वाईट पापड पोटात घातला, तर त्याची किंमत उरलेल्या सगळ्याजणी भरणार. खरी दया एकीपुरती नसते.

गिरण्या गेल्या. १९८२ च्या संपानंतर एकेक भोंगा थांबला आणि गिरणगावातली कितीतरी घरे आमच्यासारखीच मुलुंड, बोरिवलीच्या बाजूला आली. नायकीण हा शब्द नव्या मुलींना सांगूनही कळत नाही. पण नायकिणीची रीत गेली असे मात्र मी म्हणणार नाही. कचेरीत, दुकानात, शाळेत, इतकेच काय, महिलांच्या संस्थांतही, फराळाची मोठी मागणी आली की ती कोणाच्या वाट्याला द्यायची हे प्रमुखबाईंच्या मनावर असते. प्रमुखबाई स्वभावाने चांगल्या असतात, यात शंका नाही. पण पुढच्या वर्षी प्रमुखबाई बदलतात!

म्हणून एक सुचवावेसे वाटते. वाटपाची पाळी आधीच लिहून भिंतीवर लावावी. मजुरीचा दर सर्वांना ठाऊक असावा आणि पैसे माल घेतानाच द्यावे. आजारी भगिनीची पाळी बुडाली तर ती पुढे आपोआप मिळावी, तिला विनवणी करावी लागू नये. चकली मऊ पडली तर ती परत करावी, परंतु चारचौघींत नव्हे, बाजूला घेऊन आणि कशी सुधारायची ते दाखवून. एवढे केले की प्रमुखबाईंना मन मोठे करण्याचे कष्ट रोज घ्यावे लागणार नाहीत, आणि कोणा भगिनीला मान खाली घालावी लागणार नाही.

मंडळाचे पुढील वर्ष सर्वांना सुखाचे जावो, आणि येथे काम करणाऱ्या प्रत्येक भगिनीला आपला वाटा हक्काने घेता येवो, ही सदिच्छा.