हिरवळ

हिरवळ : घराभोवती, बागेत किंवा मैदानावर शोभेसाठी, खेळासाठी वा बसण्याउठण्यासाठी मुद्दाम लावलेले आणि वरचेवर कापून आखूड व दाट राखलेले गवत. यालाच ‘लॉन’ असेही म्हणतात (महाराष्ट्रातील शहरांत अलीकडे हा शब्द उघड्यावरच्या मंगल कार्यालयालाही लावतात). पावसाळ्यात माळावर उगवणाऱ्या हिरवळीहून ही वेगळी असून ती आपोआप टिकत नाही. काही आठवडे कापणी थांबली, तर तिचे कुरण होते. पाणी थांबले, तर उघडी जमीन दिसू लागते. त्यामुळे हिरवळीचा इतिहास हा बव्हंशी तिच्या राखणीचा, म्हणजेच तीस लागणारे श्रम व पाणी यांचा इतिहास आहे.

गवताच्या पात्याची वाढ टोकाशी न होता बुडाशी होते. म्हणून जनावरांनी चरले किंवा विळ्याने कापले, तरी ते मरत नाही. उलट बुडातून नवे फुटवे येऊन ते दाट होते. मात्र अन्न तयार करणारा हिरवा भाग एकदम फार कापला गेल्यास मुळांची वाढ खुंटते. पात्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी कापू नये, हा माळ्यांचा नियम यातूनच आला आहे.

घरासमोर असे गवत राखण्याची प्रथा वायव्य युरोपातील सौम्य व दमट हवेत वाढली. तेथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत असल्याने गवताला निराळे पाणी द्यावे लागत नसे. सतराव्या शतकात आंद्रे ल नोत्र याने व्हर्सायच्या उद्यानात गवताचा लांबरुंद पट्टा आखला. तो ‘हिरवा गालिचा’ म्हणूनच ओळखला जातो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लॅन्सलॉट ब्राउन (१७१६–८३) याने उमरावांच्या वाड्यांभोवतीच्या आखीव बागा मोडून गवत थेट भिंतीपर्यंत आणले. दूरचे गवत मेंढ्या चरून आखूड ठेवीत. त्या वाड्याजवळ येऊ नयेत म्हणून मध्ये खोल चर खणीत; तो घरातून दिसत नसे. वाड्यालगतचे गवत मात्र लांब दांड्याच्या विळ्याने कापावे लागे. दव असताना पाते नीट चालते, म्हणून हे काम पहाटे करीत. त्यानंतर कापलेले गवत गोळा करणे, गांडुळांच्या मातीचे ढीग झाडून टाकणे आणि रूळ फिरविणे, ही कामे असत. पिकाखाली न आणलेली एवढी जमीन आणि एवढे मजूर ज्याला परवडत, त्यालाच हिरवळ परवडे.

ही स्थिती एका यंत्राने पालटली. इंग्लंडमधील स्ट्राउड हा लोकरी कापडाच्या गिरण्यांचा भाग होता. विणलेल्या कापडावर वर आलेले तंतू सारखे कापण्यासाठी तेथे फिरत्या पात्यांचे यंत्र वापरीत. एडविन बडिंग (१७९६–१८४६) या तेथील यंत्रकाराने तेच तत्त्व गवताला लावले आणि १८३० मध्ये एकस्व (पेटंट) मिळविले. दंडगोलावर बसविलेली वळणदार पाती खालच्या स्थिर पात्यावर घासत जात व मधले गवत कातरले जाई. यंत्राची रुंदी सु. ४८ सेंमी. होती. खेड्यातील सधन गृहस्थांना ते स्वतः चालविणे मनोरंजक व आरोग्यदायक वाटेल, असे बडिंगने अर्जात नमूद केले होते. वस्तुतः ते ओतीव लोखंडाचे असल्याने ढकलण्यास जड होते आणि पुढून ओढण्यासाठी अनेकदा दुसरा माणूस लागे. इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्याने १८३२ पासून त्याचे उत्पादन सुरू केले. पुढे घोड्याने ओढावयाची यंत्रे आली. खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांना कातडी बूट घालीत. विसाव्या शतकाच्या आरंभी पेट्रोलवर चालणारी यंत्रे आली. दरम्यान मध्यमवर्गीयांच्या लहान घरांपुढेही हिरवळ दिसू लागली होती.

अमेरिकेत या प्रथेला सामाजिक कर्तव्याचे रूप आले. घरांपुढील अंगणे कुंपणाविना एकमेकांस जोडलेली असावीत, असे प्रतिपादन फ्रँक स्कॉट याने १८७० मध्ये केले. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ वसलेल्या लेव्हिटाउन या वसाहतीत तर हंगामात आठवड्यातून एकदा गवत कापण्याची अट रहिवाशांवर होती. याच सुमारास टू-फोर-डी हे तणनाशक बाजारात आले. रुंद पानांच्या वनस्पती त्याने मरतात व गवत वाचते. पण त्याबरोबर क्लोव्हरही मरते. ही द्विदल वनस्पती हवेतील नायट्रोजन जमिनीत स्थिर करीत असल्याने तोवर तिचे बी हिरवळीच्या मिश्रणात मुद्दाम घालीत. औषध तिला वाचवू शकत नव्हते, म्हणून तिचीच गणना तणांत होऊ लागली आणि तिच्याऐवजी रासायनिक खत विकत घ्यावे लागले.

भारतातील मोगल बागांत पाण्याचे पाट, फुलझाडे व फळझाडे यांना महत्त्व होते. नुसत्या कापलेल्या गवताला नव्हते. ताजमहालच्या बागेचे आजचे मोकळे, हिरवळीचे रूप ब्रिटिश अंमलातील, विशेषतः लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीतील (१८९९–१९०५) आहे. तेथे बैलांनी ओढावयाची कापणी यंत्रेही दीर्घकाळ वापरात होती. छावण्या व बंगले यांच्याबरोबर हिरवळ देशभर गेली, परंतु इंग्लंडमधील गवते मैदानी उन्हाळ्यात टिकत नाहीत. त्यांची जागा हरळीने (सायनोडॉन डॅक्टिलॉन) घेतली. गणपतीला वाहतात ती दूर्वा हीच. शेतकरी जी खणून काढता काढता हैराण होतो, तीच बंगल्यापुढे तुकडे करून, ओळीने टोचून लावतात.

महाराष्ट्रात हरळीची लावणी पावसाच्या आरंभी करणे सोयीचे असते. तिला भरपूर ऊन लागते. दाट झाडाखाली ती विरळ होते. पावसाळ्यात दर आठवड्याला, तर थंडीत बेताने कापणी करतात. पाते बोथट असल्यास गवत कापले न जाता फाटते व शेंडे करपतात. कापलेले बारीक तुकडे जागीच राहू दिल्यास नायट्रोजन जमिनीस परत मिळतो. रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने खोलवर पाणी दिल्यास मुळे खाली जातात. लव्हाळा नुसता उपटून जात नाही, कारण त्याच्या गाठी जमिनीत राहतात. गवत ठिकठिकाणी पिवळे पडून सहज उचलले जात असेल, तर मुळे खाणाऱ्या हुमणीचा संशय घ्यावा.

इंग्लंडमध्ये जे पाणी आकाशातून मिळत असे, ते कोरड्या प्रदेशांत नळाने द्यावे लागते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रहाधारित अंदाजानुसार अमेरिकेत हिरवळीखाली सु. १,६०,००० चौ. किमी. क्षेत्र होते, सिंचित मक्याहूनही ते अधिक भरले. महाराष्ट्रात २०१६ च्या दुष्काळात मैदानांवरील पाण्याचा प्रश्न न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने इंडियन प्रीमियर लीगचे एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला. त्या वेळी लातूरला रेल्वेने पाणी पोहोचवावे लागत होते. अमेरिकेतील नेव्हाडा राज्याने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यान्वये राज्याच्या दक्षिण भागात निव्वळ शोभेच्या हिरवळीस कोलोरॅडो नदीचे पाणी देण्यास २०२७ पासून मनाई आहे. रस्त्यांचे दुभाजक, कार्यालयांची आवारे इत्यादींना तो लागू असून स्वतंत्र घरांपुढील हिरवळी त्यातून वगळल्या आहेत.